बावीस गाठींचा दोर

यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही, हे आधीच सांगतो. ज्याच्यावर हे गुदरलं तो रविराज आजही लासुर्ण्याहून मोटारसायकलवर बारामती एमआयडीसीत कामाला जातो. गेल्या डिसेंबरातली, मंगळवारची रात्र. त्यानं स्वतः मला हे सांगितलं, आणि सांगताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यांची वस्ती गावापासून लांब, उसात. घरात तिघंच. रविराज, आई प्रयागबाई आणि वडील जोतीराम. त्यांना सगळे तात्याच म्हणत. दारात भुऱ्या कुत्रा, तोही खरा तात्यांचाच. तात्या रात्री पाण्याची मोटार चालू करायला निघाले की हा शेपूट हलवत पुढं.

घरामागं शेततळं आहे, मोटार त्याच्याच काठावर. आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला. त्या कागदावर शेवाळ धरलं की पट्टीचा पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही. म्हणून तात्यांनी काठावरच्या लोखंडी खुंटाला नायलॉनचा दोर बांधून पाण्यात सोडला होता. हाताला पकड मिळावी म्हणून त्याला बावीस गाठी मारलेल्या.

"पाय घसरला तर ह्यो दोरच आपला बाप," तात्या म्हणायचे.

त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्री बाराला यायची. आणि त्याच आठवड्यात भुऱ्या बिघडला.

अंधार पडला की तो तळ्याकडे तोंड करून बसायचा... आणि रडायचा.

भुंकणं नव्हे. लहान मूल कण्हतं तसं रडणं.

कुत्रं असं रडलं की घरातलं माणूस जातं, असं प्रयागबाई म्हणाली. रविराजनं हसण्यावारी नेलं.

मंगळवारी त्याला झोप हवी होती. पहाटे साडेचारला उठून पहिल्या शिफ्टला जायचं होतं. भुऱ्यानं गळ्यातली सुतळी कुरतडून तोडली होती आणि तो तळ्याच्या काठावर घिरट्या घालत रडत होता. दहाच्या सुमाराला रविराज वैतागून उठला. हाताशी दुसरं काही नव्हतं. त्यानं खुंटाचा दोर सोडला, वर ओढला आणि त्याच दोरानं भुऱ्याला गोठ्याच्या खांबाला जखडून टाकलं.

एका रात्रीचा तर प्रश्न, असं त्याला वाटलं.

बाराला लाईट आली. बाहेरच्या बाजेवरून तात्यांचा खोकला ऐकू आला. मग चपलांचा आवाज, तळ्याकडे जाणारा.

त्या वेळी रविराजला दोराची आठवण झाली होती. हे त्यानं मला दोनदा सांगितलं. पण थंडी होती आणि गोधडी गरम होती.

थोड्या वेळानं भुऱ्या पिसाळल्यासारखा भुंकायला लागला. खांब हलत होता. रविराजनं कानावर उशी दाबली.

मग भुऱ्या एकदम गप्प झाला.

पहाटे तात्यांची बाज रिकामी होती. तळ्याच्या काठावर बॅटरी मिणमिणत पडली होती. शेजारी एकच चप्पल. पाणी अगदी शांत... आणि कागदावरच्या शेवाळात बोटांचे ओरखडे. एकाच जागी, पुन्हा पुन्हा.

जिथं दोर असायचा, तिथंच.

रविराजनं हाक मारली नाही. आधी तो पळत गोठ्यात गेला. भुऱ्याला सोडलं, दोर आणून खुंटाला बांधला, पाण्यात सोडला. मग ओरडला. आधी दोर, मग हाक.

लोक जमले. तात्यांना बाहेर काढलं. दोर सगळ्यांना दिसत होता, हाताच्या अंतरावर. मग गावात कुजबुज सुरू झाली, की जोतीरामनं मुद्दामच केलं. आदल्या संध्याकाळी नवराबायकोची जुंपली होती. पाण्याची एक पाळी सोडा, थंडीत जाऊ नका, असं प्रयागबाई म्हणाली आणि शब्दाला शब्द वाढला. तात्या न जेवता झोपले होते. हे तिनंच रडता रडता बायांना सांगितलं होतं.

ती रोज एकच विचारायची. दोर असून त्यांनी धरला कसा नाही? माझ्यावर एवढा राग होता?

रविराज खाली मान घालून जेवायचा. खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगाच नाही. 

तेराव्यानंतर पुन्हा रात्रीची लाईट आली. सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर दोर पडलेला. ओला. शेजारी भुऱ्या.

कुत्र्याचा चाळा म्हणून रविराजनं तो परत बांधला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उंबऱ्यावर. त्यानं गाठीवर तार पिळली. तिसऱ्या दिवशी तार सोडवून बाजूला ठेवलेली होती, जशी माणूस ठेवतो तशी.

चौथ्या रात्री त्यानं दोर पुन्हा बांधून भुऱ्याला साखळी घातली आणि आतून कडी लावून खिडकीशी बसला.

बारा वाजले. लाईट आली.

भुऱ्या उठला... कान टवकारले... आणि शेपूट हलवायला लागला. ती शेपूट तो फक्त तात्यांसाठीच हलवायचा.

साखळी कशी सुटली, हे रविराजला अजून सांगता येत नाही. भुऱ्या तळ्याकडे चालत गेला. कोणाच्या तरी पुढं चालावं, तसा थांबून मागं बघत. रविराज कडी काढून त्याच्या मागं गेला.

खुंटाला दोर होता. पण सैल नव्हता.

ताणलेला होता. थोडा थोडा हलत होता.

मागून बॅटरीचा उजेड पडला. प्रयागबाई उभी होती. तिनं दोर पाहिला, भुऱ्याकडं पाहिलं आणि पाण्याकडं बघून हळूच म्हणाली, "तवा का न्हाय धरला वो?"

रविराजला ते सोसलं नाही.

"आई, तवा दोर हितं नव्हता. मी नेला हुता. भुऱ्याला बांधायला. सकाळी मीच आणून बांधला."

 ती मटकन खाली बसली.

"म्हंजी धरायला हात मारला हुता त्यांनी," ती म्हणाली. "म्हंजी त्यांस्नी घरी यायचं हुतं."

तात्या गेल्यापासून ती इतकी मोकळी रडली नव्हती. दोर कधी सैल पडला ते दोघांनाही कळलं नाही.

रविराजला ती या बाबतीत एक शब्दही बोलली नाही. अजून नाही. त्यानं गावात चारचौघांना खरं सांगितलं, तेव्हा कुजबुज थांबली. आईचा घोर गेला. त्याचा मात्र गेला नाही.

दोर आता उंबऱ्यावर येत नाही. पण रात्रीच्या लाईटचा आठवडा आला की बाराच्या ठोक्याला भुऱ्या रविराजच्या बाजेपाशी येतो. त्याची बाही दातात धरतो आणि ओढतो. रविराज गोधडी बाजूला सारून निमूट उठतो. तळ्याच्या काठावर बसतो, दोराचं टोक हातात घेतो. भुऱ्या पाण्याकडं बघत शेपूट हलवत राहतो.

काही रात्री काहीच होत नाही.

काही रात्री दोर जड होतो... एका माणसाइतका.

रविराज तो सोडत नाही. लाईट जाईपर्यंत घट्ट धरून बसतो, हाताला फोड येतात. पण वर ओढायचं धाडस त्याला अजून झालेलं नाही.