'वऱ्हाडे' हे नाव चालत नाही

आपलं स्वतःचंच नाव चुकीचं कसं असेल?

चंद्राच्या पोटात खोदलेल्या वसाहतीत प्राची वऱ्हाडे पडद्याकडे बघून हेच विचारत होती. मागे बाबा धापा टाकत होते. खाणीच्या धुळीनं त्यांची फुफ्फुसं खाल्ली होती. जादा प्राणवायूचा अर्ज संगणकानं स्वीकारला, तरच खोलीतली झडप उघडणार. हातानं उघडायची सोय वरच्या शहाण्यांनी ठेवलीच नव्हती.

प्राचीनं रकाने भरून 'पाठवा' दाबलं. लाल अक्षरं आली : 'माहिती अवैध.' कुठली माहिती? ते सांगायचं नाही. वर भरलेलं सगळं पुसूनही टाकलं!

तिनं ब्राउझरच्या (जाळ्यावरची पानं उघडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) वरच्या पट्टीतला पत्ता मंदाआत्याला पाठवला. आत्या वसाहतीच्या संगणक विभागात होती. तिचा लगेच फोन आला.

"अगं, 'पान सापडत नाही' येतंय. काय पाठवलंस हे?"

"वर दिसतंय तेच! आधी 'अर्ज/नवा' होतं. 'पाठवा' दाबल्यावर 'अर्ज/जमा' झालं."

आत्यानं शिवी गिळली. "जमा हे पान नाहीच. ती नुसती फट आहे, माहिती आत टाकायची. तिथे जाऊन उभं राहिलं तर दिसणार काय, डोंबल? चूक निघाली तर माणसाला परत अर्जावरच आणायचं. त्यानं लिहिलेलं जसंच्या तसं ठेवायचं. ज्या रकान्यात चूक, त्याच्याच खाली ती सांगायची. पत्ता असा हवा, की पुन्हा उघडला तरी अर्जच समोर येईल. थांब, आतून बघते... आडनावात अडकलंय."

"माझं आडनाव मला लिहिता येतं!"

"येतं गं. 'र्ह' लिहिलं की र वर चढतो. वऱ्हाडेमधला अर्धा र आडवा राहावा म्हणून तुझा कळफलक त्यात एक न दिसणारं जोडचिन्ह घालतो. आणि ही तपासणी (माहिती नियमात बसते का हे पाहणं) त्याला अक्षर मानत नाही. तू खाली टिंब असलेला ऱ वापर. दिसायला तेच, आत जोडचिन्ह नाही."

प्राचीनं सगळं पुन्हा भरलं. झडप फुस्सकन उघडली. बाबांच्या ओठांचा निळेपणा हळूहळू उतरला.

"वऱ्हाडात जन्मलो हाच गुन्हा म्हणायचा," ते पुटपुटले.

प्राची हसली नाही. "आत्या, समोरचे कऱ्हाडकरकाका गेले. त्यांनी अर्जच केला नाही, असं फलकावर लावलं होतं."

आत्यानं नाकारलेल्या अर्जांची यादी उघडली. "केला होता, पोरी. पुन्हा पुन्हा केला होता."

समोरचं दार अजून बंदच होतं.

"तपासणी आत्ताच बदलते," आत्या म्हणाली. "जोडचिन्ह चालेल. पत्ताही नीट करते. यापुढे कुणी अडलाच, तर कुठे अडला ते त्याला कळेल."

"आणि कळेपर्यंत श्वास कशानं घ्यायचा? आधी हवा द्या, मग नाव तपासा."

"ते माझ्या हातात नाही गं."

"ज्यांच्या हातात आहे त्यांचा पत्ता दे," प्राची म्हणाली. "उघडणारा दे."