गौरीपुढचं 'मालती'

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी हरभरे आणायला सासूबाईंनी मला कोठीच्या बाजारात पाठवलं, तेव्हा ती दुपार अगदी साधी होती. त्या वर्षी सासरच्या या तेलुगू शहरात जिकडेतिकडे 'मालती' नावाची गाणी वाजत होती. केबलवर नवं हिंदी 'मालती', त्यात नायक जीपच्या टपावर नाचायचा. रसवाल्याच्या गाडीवर जुन्या तेलुगू सिनेमातलं 'मालती', संथ, अंगाईसारखं. आणि माझं मराठी 'मालती', भावगीत. नांदेडला आईनं ते माझ्याकडून इतकं घोटून घेतलं होतं, की गल्लीतले लोक आमचं घर त्यावरूनच ओळखायचे. बाकीची दोन त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत, असं माझं मत.

तारनाक्याला घरी आले तर सासूबाई गौरीला झोपाळ्यात बसवत होत्या.

"प्राची, गौरीपुढं 'मालती' म्हणायची आपल्याकडं रीत आहे. जयवंता म्हणायची. येतं ना तुला?"

जयवंता म्हणजे माझी नणंद. लग्न ठरलेलं असताना तापानं गेली. त्यानंतर गौरीपुढं कुणी गायलंच नव्हतं. मी नवी सून, बोलते कमी. त्यामुळे मला काही येत असेल यावर या घरात कुणाचा फारसा विश्वास नव्हता. आता दाखवायची वेळ आली होती.

"येतं की," मी म्हणाले. कोणतं, ते विचारलं नाही. मराठी घरातली गौर. त्यात विचारायचं काय?

संध्याकाळी बायका जमल्या. वाटली डाळ, पन्हं, मोगऱ्याचा वास. माझ्या नवऱ्यानं, चेतननं, नवा टेप गौरीशेजारी ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. परदेशी टेप आता अबिड्सच्या दुकानांत उघड मिळतात, हे प्रत्येकीला ऐकवलं आणि बाहेर गेला.

मी पहिली ओळ म्हटली, आणि शेजारच्या कुसुमताई सासूबाईंकडे वाकल्या.

"भामाबाई, हे कोणतं हो? जयवंता तर तेलुगू म्हणायची ना…"

"हौ. इथंच वाढली, तेच आवडायचं तिला."

माझे कान तापले. पण सुरू केलेलं गाणं सोडणाऱ्यातली मी नाही.

दुसऱ्या कडव्याला स्वयंपाकघरातून गुणगुण आली. तेलुगू चाल. आत कुणी नव्हतं. सगळ्या बायका माझ्यासमोर होत्या. मोगऱ्यात औषधाचा कडवट वास मिसळू लागला. मी श्वास घ्यायला थांबले की ती चाल पुढं सरके… आधी दारापाशी. मग माझ्या पाठीशी. मग मानेवर कढत श्वास. ती माझी जागा मागत होती. मी दिली नाही. सूर चढवला, ताल कुठंही ढळू न देता गाणं संपवलं. पोलकं घामानं भिजलं होतं, मान मात्र ताठ होती.

"गप्प गप्प असतेस, आम्हाला काय ठाऊक," कुसुमताई म्हणाल्या. "फार सुरेख म्हटलंस गं."

बायका गेल्या, चेतन परतला आणि त्यानं टेप लावला.

आवाज माझाच होता. शब्द तेलुगू. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, न अडखळता. मला भाजी घेण्यापुरतंही तेलुगू येत नाही.

"कधी शिकलीस?" चेतन खूश होऊन म्हणाला.

सासूबाईंनी त्याला हातानं गप्प केलं. गाणं संपलं होतं, पण टेप फिरत होता. थोडी खरखर, मग पुन्हा माझा आवाज, लाडानं…

"अम्मा, हिचा गळा मला अगदी बरोबर होतो."

त्यांना अम्मा मी कधीच म्हटलं नाही.

"हौ बेटा," सासूबाई पुटपुटल्या. इतक्या अभिमानानं त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. उठून मीठमोहऱ्या आणल्या, मला पाटावर बसवलं आणि दृष्ट काढली. आधी माझ्यावरून मूठ ओवाळली. मग माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवरून, माझ्याहून थोडी उंच.