दुसरं लाल बूच

बसा. थर्मासमध्ये कॉफी आहे. थंड झाली असेल, पण आहे. उद्या सकाळी सोनाराची ती तिजोरीची खोली त्याच्या ताब्यात द्यायची, आणि तुम्हा तिघांपैकी एकालाही आधी आत तासभर बसायचं नाहीये. मघापासून ऐकतोय मी. मीटर आहे, हिरवा दिवा आहे, मग माणूस कशाला कोंडून घ्यायचा, असं तुमचं म्हणणं. चाळीस वर्षं झाली मला या धंद्यात, आता माझे गुडघे माझ्याआधी बोलतात, मलाही काही हौस नाही. पण लीव्हनचं काय झालं ते ऐका. मग उद्याचं तुमचं तुम्ही ठरवा.

लीव्हन डालमन्स माझ्या ओळखीचा, माझ्याच वयाचा. खोल्यांचे नकाशे तो काढायचा. भिंत किती जाड, दार कुठल्या अंगाला उघडायचं, हवा कुठून येणार, कुठून जाणार. बँकांसाठी काढले, हिरेवाल्यांसाठी काढले, आणि शेवटी शेवटी लोकांच्या घरांसाठी. चोर घरात शिरले तर आत जाऊन कडी लावायची आणि पोलीस येईस्तोवर बसायचं, अशा पोलादी खोल्या. हे काम त्याला म्हाताऱ्या रेमीनं शिकवलं. रेमी म्हणजे आमचा सगळ्यांचा मिस्त्री. त्याचा एकच नियम होता. ज्यानं खोली काढली, त्यानं गिऱ्हाइकाच्या आधी तासभर तिच्यात दार लावून बसायचं. बाहेरच्यानं दर दहा मिनिटांनी दारावर तीनदा ठोकायचं, आतल्यानं उत्तर द्यायचं. रेमी बोटातल्या अंगठीनं ठोकायचा. दोन, थोडं थांबून एक. त्याचा तो ठोका आम्ही झोपेतसुद्धा ओळखला असता.

रेमी फुप्फुसाच्या दुखण्यानं गेला, खेल गावच्या इस्पितळात. त्याच्या शवपेटीला मी खांदा दिलाय. दुसऱ्या बाजूला लीव्हन होता. ही गोष्ट त्यानंतर तीन वर्षांनी घडली.

सन दोन हजार सतरा. नोव्हेंबरची चौदा तारीख, मंगळवार. लीव्हन त्या दिवशी कास्टर्ले गावाच्या पलीकडे, पाइनच्या रानाला लागून एक घर आहे, तिथं गेला होता. काम साधं होतं. जिन्याखालची खोली तयार झालेली, रंग देऊन चार दिवस झालेले. ती तपासायची, कागदावर सही करायची आणि घरी जायचं. खोली छोटी, एका भिंतीला लांब पोलादी बाक, बाकीची जागा जेमतेम उभं राहण्यापुरती.

घर आल्दाबाईंचं. नवऱ्याचं टुर्नहाउटला दागिन्यांचं दुकान होतं. मार्चमध्ये रात्री तीन माणसं घरात शिरली, दोघांना खुर्च्यांना बांधलं. माणसं निघून गेली, पण सकाळी शेजारीण येईपर्यंत कुणी सोडवायला आलं नाही. तोवर नवऱ्याचं हृदय बंद पडलं होतं. त्याच्या समोरच्या खुर्चीत ही बाई बांधलेली. तेव्हापासून रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. दिवसा खुर्चीत डुलक्या घ्यायची, रात्रभर दिवे लावून बोरिसला घेऊन बसायची. बोरिस म्हणजे कुत्रा, वासराएवढा. ही खोली तिनं लपायला नव्हती बांधून घेतली. झोपायला बांधून घेतली होती.

आता लीव्हनचं ऐका. गेल्या आठ दिवसांत त्याच्या तीन खोल्या झाल्या होत्या. त्या दिवशी पहाटे चारला उठलेला, अँटवर्पला जाऊन आलेला. एकसष्ट वर्षांचा माणूस, पाठ धरलेली, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. त्यानं पंखा चालू केला. हिरवा दिवा लागला. बाकाकडे पाहिलं आणि त्याच्या मनात आलं, आता इथं तासभर बसलो तर उठणार नाही मी.

तो बसला नाही.

कागदावर मात्र लिहिलं. आत गेलो साडेपाचला, बाहेर आलो साडेसहाला. खाली सही केली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

आल्दाबाईंनी कोट हातात देताना विचारलं, "म्हणजे आज मी झोपू शकते ना?"

"निर्धास्त झोपा," लीव्हन म्हणाला.

"नऊला जाईन आत. बोरिसलाही घेते. फोनची वायर काढून ठेवते मी नऊ वाजता, रात्री फोन वाजला की छातीत धस्स होतं. आणि गोळी घेऊ ना झोपेची? डॉक्टरांनी दिलीय, पण भीतीनं कधी घेतली नाही."

"घ्या की. आता कशाला भ्यायचं."

हेरेंटाल्सला घरी पोचला तेव्हा साडेसात वाजले होते. सूप गरम करायला ठेवलं, ते उतू गेलं, तसंच बंद केलं आणि कोट घालूनच खुर्चीत टेकला. डोळा लागला तो लागलाच.

जाग आली अकरा वाजून दहा मिनिटांनी. उठला, निजायला निघाला. लीव्हनची एक सवय होती, दाराजवळच्या वाडग्यात रोज रात्री खिसे रिकामे करायचा. किल्ल्या, सुटे पैसे, पेन्सिल, आणि त्या दिवशीची लाल बुचं. तुम्हाला ठाऊकच आहेत. हवेच्या दोन्ही नळ्यांना कारखान्यातून येतानाच लावलेली असतात, प्लास्टरची धूळ आत जाऊ नये म्हणून. काम संपलं की काढायची आणि खिशात टाकायची. खोलीमागं दोन. हवा जाते तिचं एक, हवा येते तिचं एक.

किल्ल्या टाकल्या. पेन्सिल टाकली. एक लाल बूच टाकलं.

दुसरा खिसा पाहिला. आतला खिसा पाहिला. बॅग उलटी केली.

एकच होतं.

हवा येते त्या नळीला दुसरं बूच तसंच होतं. पंखा फिरत होता, म्हणून दिवा हिरवा. दिव्याला काय ठाऊक, हवा येतेय का नाही. ते आत बसलेल्या माणसालाच कळतं. तासाभरात डोकं जड होतं, माणूस उठतो आणि बघतो. पण झोपेची गोळी घेतलेली बाई उठत नाही. नऊपासून ती आत. आणि सोबत तो वासराएवढा कुत्रा, तिचीच हवा ओढणारा.

फोन लागला नाही. वायर काढलेली. पोलिसांना का नाही कळवलं म्हणून विचाराल. मीही विचारलं. तो म्हणाला, दाराला बाहेरून उघडायची एकच किल्ली होती, ती माझ्या बॅगेत होती, बाईंच्या वकिलाकडे ठेवायला द्यायची होती अजून. ते खरं होतं. मग म्हणाला, कागदावर माझी सही होती. तेही खरं होतं.

धुकं होतं. दिव्यांच्या उजेडात पाच पावलांपुढचं दिसत नव्हतं. गाडी चालवताना तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत होता, आणि आवाज त्याचाच होता. निर्धास्त झोपा. लाज वाटत होती त्याला, आणि शिणवटा एवढा की त्या लाजेतही डोळे मिटत होते. काच खाली करून तोंड बाहेर काढून गाडी चालवली त्यानं.

बारा वाजायला दहा मिनिटं असताना तो फाटकाशी पोचला. घरात दिवे होते. धावत जाऊन दोन्ही मुठींनी दार बडवलं.

दार उघडलं.

आल्दाबाई उभ्या. अंगावर कोट, हातात चमचा. जिवंत.

लीव्हननं चौकटीला हात टेकला.

बाईच म्हणाल्या, "आलात एकदाचे. सांगा हो त्यांना आता बाहेर यायला. माझ्याच्यानं उभं राहवत नाही."

"कुणाला?"

"तुमच्या माणसाला. अजून आतच आहेत."

"कुठल्या माणसाला?"

"ते म्हातारे गृहस्थ. तुम्ही नाही का पाठवलंत? नऊला मी आत जायला निघाले आणि बेल वाजली. दारात उभे. टोपी काढून म्हणाले, लीव्हननं खोली काढलीय, पण बसायचं राहिलंय. मी बसतो. मी बाहेर येईपर्यंत झोपायचं नाही, बाई, आणि गोळीही घ्यायची नाही."

लीव्हननं जिन्याकडे पाहिलं.

"तासभर म्हणाले होते," बाई म्हणाल्या. "तीन तास होत आले. दर दहा मिनिटांनी दार ठोकायला सांगितलंय. ठोकते आपली चमच्यानं. ते आतून उत्तर देतात."

"कसं...?"

"दोनदा. मग थांबून एकदा."

घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. बाहेर धुक्याचं पाणी पन्हाळीतून ठिबकत होतं.

"आधी चांगलं जोरात यायचं," बाई म्हणाल्या. "आता... हळू येतंय."

जिन्याखाली दिवा होता. बोरिस पोलादी दारासमोर आडवा पडलेला. हनुवटी पंजांवर. लीव्हन आला तरी त्यानं मान वर केली नाही. दाराकडे बघत राहिला.

दार बंद होतं. आतून कडी लावली की मुठीखाली लाल पट्टी दिसते, ती दिसत होती. ती कडी बाहेरून लावता येत नाही. येऊच नये असा नकाशा त्यानंच काढला होता.

बाईंनी चमचा पुढं केला.

लीव्हननं घेतला.

तीनदा ठोकलं.

...

काही नाही.

...

मग आतून. धातूवर धातू. टक... टक...

त्यानं श्वास रोखला.

...

टक.

"मिस्त्री," लीव्हन म्हणाला. हळूच. ते दार एवढं जाड, आत काही जाणार नव्हतं. तरी म्हणाला.

पुन्हा ठोकलं.

टक...

टक...

तिसरा आला नाही.

वाट पाहिली. आला नाही.

बोरिस उठला. एकदाच कण्हला.

लीव्हननं बॅगेतून किल्ली काढली. ती भोकात जाईना. बाईंनी त्याचं मनगट धरलं. किल्ली फिरली. कडी सरकली. दार उघडलं.

आत कुणी नव्हतं.

पंखा फिरत होता. दिवा हिरवा होता. आणि हवा... ती हवा त्याच्या तोंडावर आली, कोमट, जड, वापरलेली. सगळ्या भिंती घामेजलेल्या. छतावर थेंब. बाकावर थेंब. रिकाम्या खोलीत असं होत नाही, पोरांनो. खोली श्वास घेत नाही. माणूस घेतो.

बाकाच्या डाव्या टोकाला, दाराजवळ, एवढीच जागा कोरडी होती. बसलेल्या माणसाएवढी. मागं भिंतीवर पाठीएवढी. एका कुशीवर कललेली.

रेमीचा डावा खुबा दुखायचा. तो कलून बसायचा.

लीव्हननं हवा येते त्या नळीवरची जाळी उघडली. लाल बूच जागच्या जागी होतं. उपटून काढलं. गार हवा सुसाट आत आली, पाइनच्या वासाची. तो खाली बसला आणि रडला, एवढंच मला त्यानं सांगितलं. मग उठला, कागद मागून घेतला, आपली ओळ खोडली. आत गेला. दार लावून घेतलं. तासभर बसला. बाकाच्या उजव्या टोकाला. आल्दाबाई दर दहा मिनिटांनी चमच्यानं ठोकत होत्या, आणि आतून उत्तर येत होतं, साधं, तीनदा. रात्री सव्वा वाजता त्यानं दार उघडलं आणि म्हणाला, आता झोपा.

त्या झोपल्या. आठ महिन्यांनी. सकाळी अकरापर्यंत. लीव्हन दाराबाहेर फरशीवर बसून होता, बोरिसला टेकून.

बास, एवढंच. नंतर त्यानं वर्षभर काम केलं आणि सोडलं.

पुढच्या वसंतात मी तिथं गेलो होतो, दाराच्या बिजागऱ्यांना तेल द्यायला. मी काही विश्वास ठेवून गेलो नव्हतो. लीव्हन थकला होता, बाई थकलेली होती, थकलेल्या माणसांना काहीबाही दिसतं, ऐकू येतं, असं माझं मत. दार उघडलं, दिवा लावला. रंग कच्चा असताना त्याला वाफ लागली तर काय होतं, तुम्ही जाणता. सगळ्या खोलीचा रंग मेलेला होता, पांढुरका, निस्तेज. बाकाचं डावं टोक सोडून. तेवढी जागा, आणि मागची पाठीएवढी भिंत, काल रंगवल्यासारखी चकाकत होती.

मी बाईंना म्हटलं, "पुन्हा रंग मारून देतो, फुकट."

"नको," त्या म्हणाल्या. "राहू दे."

बाक लांब आहे. लीव्हननं मापंच तशी घेतली होती, बाईंना ऐसपैस पाय पसरता यावेत म्हणून. पण पांघरुणाची घडी बाकाच्या उजव्या अर्ध्यावरच होती, उशीही तिकडेच. इतक्या आखूड जागेत कशा झोपता, असं मी विचारलं.

"पाय मुडपून," आल्दाबाई म्हणाल्या.