चाकावरच्या चपला

दिवाळीच्या अमावास्येची ड्यूटी संघदीपनं आपण होऊन मागून घेतली होती. वणीला त्याच्या घरी लक्ष्मीपूजनाची गडबड नसायची. ज्यांच्याकडे असते त्यांनी खुशाल जावं, असा त्याचा सरळ विचार. त्यामुळे धरणाच्या पायथ्याशी असलेल्या त्या लहानशा वीजघरात त्या दिवशी दोनच माणसं उरली, तो आणि उत्तमसिंग.

उत्तमसिंग तिथला जुना मदतनीस. त्याचा बंजारा तांडा याच धरणाच्या पाण्याखाली गेला होता आणि आता तो त्याच पाण्यावर मशीन चालवायचा. हे सांगताना तो हसायचा, पण ऐकणाऱ्याला काही हसू यायचं नाही.

कापसाची ती वाईट वर्षं. भाव पडलेले, दिग्रसच्या निम्म्या जिनिंगांना कुलूप, आणि वरून भारनियमनाचा मार. सांज झाली की सगळा मुलूख काळोखात बसायचा. त्यात वीजघरही आलंच. बाहेरची लाइन गेली की मशीन थांबवावं लागायचं आणि विजेच्या घरात कंदील पेटवायची वेळ यायची. गावात यावरून संघदीपची यथेच्छ टिंगल चाले, आणि तोही ती निमूट ऐकून घ्यायचा.

त्या दुपारी मशीनच्या पोटात लाकडं अडकली. संघदीपनं मोठं लोखंडी चाक फिरवून धरणाकडचं पाणी अडवलं आणि उत्तमसिंग पाइपाचं झाकण उघडून आत उतरला. उतरण्याआधी त्यानं आपल्या चपला चाकावर लटकवल्या. ही तिथली रीत होती. आत गेलेल्याच्या चपला चाकावर आहेत तोवर चाकाला कुणी हात लावायचा नाही, मोठा साहेब येऊन उभा राहिला तरी नाही. नियमांच्या पाटीवर हे कुठंच लिहिलेलं नव्हतं, पण पाटी कुणी वाचत नसे आणि चपला सगळ्यांना दिसत.

वीजघरातला फोन बंद पडलेला, म्हणून दिवस कलताना संघदीप धरणाच्या भिंतीवरच्या खोलीत फोन करायला चढला. वरून सांगण्यात आलं की सणासाठी आज लाइन लवकर येणार आहे, पाइप भरून मशीन तयार ठेवा. तो हो हो म्हणत होता आणि त्याची नजर पाण्यावर होती. पाणी काळं, गप्प, पार समोरच्या टेकडीपर्यंत पसरलेलं. एवढं पाणी उंचावरून खाली येतं आणि कुठल्या तरी खेड्यात बल्ब पेटतो. इतकी वर्षं नोकरी करूनही या गोष्टीचं त्याला नवल वाटायचं थांबलं नव्हतं.

तेवढ्यात त्याला पाण्यात एक उजेड दिसला. तो पाण्यावर नव्हता, पाण्याच्या आत होता. जरा पुढं सरके, थांबे, पुन्हा सरके. कुणी घरोघरी जावं तसा. चांदणीचं प्रतिबिंब असेल, असं स्वतःला बजावत संघदीप खाली उतरला. आभाळात अजून एकही चांदणी उगवलेली नव्हती, हे त्याच्या पायऱ्या संपल्यावर लक्षात आलं.

वीजघरात अंधार दाटला होता. ग्रीसचा आणि ओल्या लोखंडाचा वास. त्यानं कंदील वर धरून पाहिलं, चाकावर चपला नव्हत्या. पाइपाचं झाकण बसवलेलं, बोल्ट कसलेले. म्हणजे काम उरकून गडी वरच्या नव्या तांड्यावर पळाला तर. सांगून तरी जायचं, असं पुटपुटत त्यानं कंदील खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी चाक धरलं.

"मेरा..."

अगदी हळू आवाज. पोरीचा.

संघदीप वळला. दाराशी एक मुलगी उभी होती, हातात पणती. घागऱ्यावरच्या काचांचे ठिपके भिंतींवर हलत होते. जळत्या तेलाचा वास आला. ती एकेक पाऊल आत येऊ लागली, आणि तिच्या डोक्यावरचा बल्ब उजळला. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. लाइन नव्हती, मशीन थंड होतं, पाणी त्याच्याच हाताखाली अडलेलं होतं. वीज कुठून येते हे सगळ्या जिल्ह्यात ज्यानं सांगायचं, त्या माणसाला ही कुठून येत होती ते कळेना. भीती वाटायची ती वाटलीच, पण त्याहून मोठं काही तरी त्याच्या छातीत भरून आलं. देवळात न जाणाऱ्या संघदीपला वाटलं, हात जोडावेत.

"काय... काय तुझं?" त्यानं कसंबसं विचारलं. त्याच्या कानांना ते हिंदी वाटलं होतं.

तिनं पणती मशीनच्या पोटाकडं उचलली. "मेरा..."

त्याचे हात चाकावरून आपोआप सुटले. पणती विझली, बल्ब विझले, आणि त्या काळोखात पाइपाच्या आतून आवाज आला. ठक्. ठक्. लोखंडावर लोखंड.

थोड्या वेळानं, मशीनमधलं पाणी ज्या कालव्यात जायचं त्या बाजूच्या खालच्या दारातून उत्तमसिंग चिखलानं माखून वर आला. वरचं झाकण लावल्यावर त्याला आठवलं होतं की एक ओंडका खाली राहिलाय, म्हणून चपला पायात घालून तो खालच्या दाराशी गेला आणि तिथून पुन्हा आत शिरला होता. चपला चाकावर ठेवायच्या तो विसरला होता, तिकडंच पायरीवर काढल्या होत्या. संघदीपनं चाक जरासं जरी फिरवलं असतं तरी आतला माणूस जिवंत बाहेर आला नसता. दोघंही जमिनीवर बसले.

मग संघदीपनं पाहिलं ते सांगितलं.

"काय म्हने ते?" उत्तमसिंगनं विचारलं.

"मेरा. म्हनजे माझं, नाही का? मले वाटलं मशीन मागून राह्यली."

उत्तमसिंगनं मान हलवली. त्यांच्या गोर बोलीत मेरा म्हणजे माझं नव्हे. दिवाळीच्या सांजेला तांड्यातल्या बिनलग्नाच्या पोरी पणती घेऊन घरोघरी जातात, उजेड दाखवतात आणि घरच्यांचं भलं चिंततात, तो मेरा. त्याची बहीण जमनी. धरण भरलं त्या वर्षी तांडा वर हलवलेला होता. जमनी म्हणाली, रिकाम्या घरांनाही मेरा द्यायला पाहिजे, इतकी वर्षं राहिलो आपण तिथं. पणती घेऊन एकटी उतरली. पाणी त्याच रात्री चढलं.

"माह्याच घरचा मेरा राह्यला होता तिचा," तो म्हणाला. मग थांबून हळूच म्हणाला, "पन भाऊ... तुनं 'माझं' ऐकलं तेही खोटं नसन. भाऊ होतो ना मी तिचा."

तो उठून अनवाणीच कालव्याकडच्या पायरीवर चपला आणायला गेला आणि रिकाम्या हातानं परतला. चपला तिथं नव्हत्या. संघदीपनं कंदील उचलला, आणि दोघांनाही त्या दिसल्या. चाकावर, रीतसर लटकवलेल्या. त्यांतून पाणी ठिबकत होतं.

संघदीप त्या काढायला पुढं झाला. उत्तमसिंगनं त्याचा हात धरला.

"राहू दे," तो म्हणाला. "चपला चाकावर हायेत ना... म्हनजे आत कोनीतरी हाये."

बाहेर लाइन आली. दूरवर गावं उजळली. वर भिंतीवरच्या खोलीत फोन वाजत राहिला, आणि चाकाला त्या सांजेला कुणीही हात लावला नाही.