केसभर डावीकडे

दार ढकलून ती आत शिरली ती थेट त्याच्या अंगावरच. त्याच्या हातात नुकत्याच छापलेल्या शीट, शाई ओली… आणि तिची पांढरी बाही क्षणात निळी!

"अगं, बघून!"

"तू बघायचं की. मी नेहमी अशीच येते."

हे मात्र खरं होतं. शाळेच्या छपाईच्या वर्गात तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण एका जागी बसेल तर शपथ. आणि तो मौनीबाबा. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचा. अशा दोघांची जोडी सरांनी का लावली, देव जाणे. वार्षिक अंकाचं मुखपृष्ठ दोन रंगांत छापायचं होतं, आधी निळा, मग त्यावर लाल. कोपऱ्यातल्या बारीक खुणा एकमेकींवर नीट बसल्या की रंग जुळला. खुणा तिनं भिंगातून बघायच्या, कागद सरकवायचा मशीनचा स्क्रू त्यानं फिरवायचा.

लाल चढवलेली पहिली शीट टेबलावर ठेवून तो तिच्या शेजारी वाकून उभा राहिला. शर्टाला साबणाचा आणि रॉकेलचा वास… भिंगात खुणा तंतोतंत जुळल्या होत्या. तसं सांगितलं की तो मशीनकडे परत जाणार.

"अं… केसभर डावीकडे," ती म्हणाली.

"मला तर बरोबर वाटलं होतं."

"भिंग कुणाकडे आहे?"

"तुझ्याकडे."

"मग?"

तो हसला. त्याच्या एकाच गालाला खळी पडायची, आणि त्या खळीनं घात केला.

मग ते रोजचंच झालं. केसभर डावीकडे… किंचित वर… छे, आता जास्त झालं! स्क्रू फिरवता फिरवता मौनीबाबा बोलायला लागला. वडील ट्रक चालवायचे. परगावी काकांचं टाइल्सचं गोदाम होतं, शाळा संपली की तिथं बसायचं, असं घरात ठरत होतं.

"पण मशीनवर हात बसला ना, तर बाबांना सांगणार, मी छापखान्यातच जाणार म्हणून. काय वाटतं तुला, बसेल?"

"बघू या की," ती मान वेळावून म्हणाली. बसलाय रे, असं म्हटलं असतं तर जीभ काही झिजली नसती. पण उद्याही तो शेजारी उभा राहायला हवा होता ना.

परीक्षा झाल्यावर सरांनी दोघांना बोलावलं. एका छापखान्याला मशीनवर शिकायला एकजण हवा होता. सरांनी त्याच्याकडे पाहिलं.

"जाशील?"

"नको सर. माझी एकही शीट पहिल्या फटक्यात जुळत नाही. मुखपृष्ठ चांगलं आलं ते हिच्या नजरेमुळे. हिलाच पाठवा."

खरं काय ते तिला ठाऊक होतं. पण सरांसमोर सांगणार काय? हा जवळ उभा राहावा म्हणून खोटं बोलले, असं? सरांनी कागदावर तिचं नाव लिहिलं, आणि भिंगरीनं ते लिहू दिलं.

शेवटच्या दिवशी तो एप्रन परत करायला आला. तिनं जपून ठेवलेली ती पहिली शीट टेबलावर पसरली आणि भिंग त्याच्या हातात दिलं.

"बघ."

तो वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला.

"ही… पहिली?"

"पहिलीच."

"म्हणजे माझं बरोबर होतं?"

"रोजच बरोबर असायचं."

"मग का गं?"

"तू शेजारी उभा राहायचास… मला आवडतोस तू."

तो हळूच म्हणाला, "वेडी. नुसती हाक मारली असतीस तरी येऊन उभा राहिलो असतो."

"मी सरांना सांगते, माझं नाव काढा म्हणून—"

"राहू दे आता. बाबांनी काकांना शब्द दिलाय."

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. त्यानं भिंग पुसून तिच्या तळहातावर ठेवलं. खळी पडलीच नाही, आणि तो गेला.

आता ती छापखान्यात जाते. मशीनवाले काका शीट आणून ठेवतात आणि विचारतात, "काय पोरी, जुळलं का?" जुळलेलं असलं की ती क्षणभरही थांबत नाही. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून, दारापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा सांगते, "जुळलं!"