मिस व्हर्डीने दिलेली मुळी

डार्लीन माझी सख्खी मावसबहीण आहे. ती खोटं बोलत नाही. बोलायला तिला सुचतही नाही, आम्ही लहानपणापासून तिला त्यावरून चिडवतो. म्हणून हे लिहितेय.

गेल्या सप्टेंबरातला रविवार. दुपारचे चार. पूर्व केंटकीतलं आमचं खोरं.

त्याच्या आदल्या वर्षी शेजारच्या मिस व्हर्डीने तिला एक मुळी दिली होती, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून.

"थँक्यू म्हणू नकोस हं," म्हातारी म्हणाली. "म्हटलंस की रोप मेलंच."

आमच्याकडे हे शेंबडं पोरही जाणतं. डार्लीन गप्प राहिली. मुळी रुजली. हिवाळ्यात मिस व्हर्डी वारली.

वसंतात पांढरे तुरे आले. मग फळं धरली... लाल देठांवर पांढरीशुभ्र, प्रत्येकावर एक काळा ठिपका. बाहुलीचे डोळे म्हणतात त्यांना. पोटात गेली तर काळीज बंद पाडतात.

आणि डार्लीनची लेक जूनी चार वर्षांची. दिसेल ते तोंडात घालणारी.

डार्लीनने ते रोप दोनदा उपटून फेकलं. दोन्ही वेळा ते परत उगवलं... दर वेळी दाराच्या आणखी जवळ.

त्या रविवारी ते पायरीला टेकलं होतं. जूनीला आत झोपवून डार्लीन फावडं घेऊन बाहेर आली.

पहिला घाव घातला आणि झाडांवर किरकिरणारे किडे गप्प झाले. सगळे एकदम.

ती खणत राहिली. मुळी संपेचना...

ती घराखाली गेली होती.

डार्लीन रडकुंडीला आली. मग तिला आठवलं.

"थँक्यू, मिस व्हर्डी," ती म्हणाली.

तिच्यादेखत रोपाने मान टाकली. सुटले एकदाची, असं तिला वाटलं.

तेवढ्यात घरातून आवाज आला...

"अगं, त्यात काय एवढं. अजून पुष्कळ आहे."

डार्लीन जाळीच्या दाराकडे धावली. आतून कडी घातलेली. ती कडी जूनीच्या हाताला खुर्चीवर चढूनही लागत नाही.

"जूनी, दार उघड."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही.

डार्लीनने जाळी फाडली. घरात जूनीशिवाय कोणी नव्हतं. पोरगी स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती, मांडीवर ओल्या वर्तमानपत्राची पुडी घेऊन.

"कुणी दिलं हे?"

"मिस व्हर्डीने." जूनी शहाण्यासारखी हसली. "मी थँक्यू नाही म्हटलं, मम्मा."

डार्लीनने पुडी चुलीत जाळली. तरी या वसंतात जूनीच्या खिडकीखाली पांढरे तुरे आले. घर सोडायला त्या दोघी दोनदा निघाल्या. दोन्ही वेळा गाडीच्या मागच्या सीटवर ओली पुडी सापडली, आणि डार्लीन परत फिरली. आता ती जूनीला दाराबाहेर पाऊल टाकू देत नाही. पोरगी फिक्की पडलीय. मला ते बघवत नाही.

मागच्या आठवड्यात मी भेटायला गेले होते. निघताना जूनीने खिडकीच्या फटीतून माझ्या हातात काहीतरी ठेवलं...

ओलं होतं.

ते अजून माझ्या गाडीत आहे. गप्प राहिले तर ते रुजणार. थँक्यू म्हटलं, तर माझ्या घरातून उत्तर येणार. आणि घरात माझी दोन लहान पोरं आहेत.

मी अजून काहीच बोललेले नाही.