झाडापलीकडचं पाऊल

रविवारच्या रश्श्यासाठी रानातून खारी मारून आणायच्या होत्या, म्हणून ऑपल उजाडता उजाडताच उठली. स्वयंपाकघरात कॉफीचा वास भरला होता आणि आई मक्याचं पीठ चाळत होती. दाराच्या चौकटीवर, दोन खिळ्यांवर, बाबांची एकनळी बंदूक आडवी ठेवलेली होती. तिच्याच खाली खुर्ची ओढून डॉर्सीकाका बसला होता. आपली स्वतःची नवी बंदूक त्यानं भिंतीला टेकवली होती.

"आमच्या बापाची बंदूक आहे ती, वहिनी," तो म्हणाला. "हॉलिस थोरला म्हणून त्याला मिळाली. तो गेला. आता थोरला मी."

"ती ऑपलची आहे."

"हिची? वर्गात हजेरी द्यायला हिच्या तोंडातून आवाज फुटत नाही. खारी हसून मरतील, तेवढ्याच काय त्या मिळतील."

आईनं चाळण टेबलावर आपटली. "आज खार घेऊन आली तर बंदूक तिची. नाही आली तर तू घेऊन जा. पण मग पुन्हा या घराची पायरी चढू नकोस."

"एकटीनं मारायची. मी सोबत जाऊन बघणार."

"बघ की," आई म्हणाली.

ऑपलनं काकाच्या डोक्यावरून हात घालून बंदूक खाली घेतली. काका मुद्दाम हलला नाही.

बंदूक दिसायला काहीच नव्हती. दस्त्याला तडा गेलेला, तो बाबांनी तांब्याच्या तारेनं आवळलेला. पण ती काठीसारखी हलकी होती. कोपराच्या बेचक्यात टाकून दिवसभर डोंगर चढावा. बिघडायला तिच्यात काही नव्हतंच. एक नळी, एक घोडा, एक काडतूस. काकाच्या बंदुकीत काडतुसं ओळीनं भरता येत, आणि नेम चुकला की तो पानं झडेपर्यंत बार उडवत राही. बाबा म्हणायचे, "एकच बार असला की माणूस आधी नीट बघतो."

कुंपणाशी आल्यावर ऑपलनं बंदूक उघडली, लाल काडतूस काढून शर्टाच्या खिशात टाकलं, वर बटण लावलं आणि मगच तार ओलांडली. बाबा असंच करायचे. दरवेळी.

"झालं का बापाचं नाटक?" काका म्हणाला आणि भरल्या बंदुकीनिशी तारेवरून पलीकडे गेला.

मागच्या वर्षी, पानं अशीच पिवळी पडलेली असताना, बाबा या कुंपणाशीच मेलेले सापडले होते. सोबत फक्त काका होता. भरलेली बंदूक घेऊन तार ओलांडताना बाबांचा पाय अडकला आणि बार उडाला, असं त्यानं सांगितलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. ऑपलला ते पटलं नव्हतं. पण तिला विचारलं कुणी नव्हतं, आणि आपण होऊन बोलणं तिला जमत नसे.

वर हिकरीच्या झाडांत धुकं खोडांना चिकटून बसलं होतं. ओल्या पाचोळ्याचा आंबूस वास येत होता. उंच कुठेतरी एक खार फळं कुरतडत होती आणि टरफलांचा चुरा खाली टपटपत होता. ऑपल एका ओंडक्याआड बसली. काका तिच्या मागे, पाय पसरून.

खारीची एक खोड असते. माणूस ज्या अंगाला, त्याच्या उलट अंगाला ती खोडाला चिकटून राहते. म्हणून शिकारीला जोडी लागते. एकानं बंदूक धरून बसायचं, दुसऱ्यानं झाडाला वळसा घालायचा. खार त्याच्यापासून लपायला म्हणून इकडे येते आणि बंदुकीसमोर सापडते. पूर्वी ऑपल बसायची आणि बाबा वळसा घालायचे. कोळशाच्या खाणीत दबलेला त्यांचा डावा गुडघा वाकत नसे. त्यामुळे पाचोळ्यात आधी एक पाऊल वाजे, आणि मग एक फरफट.

खारीनं तिला पाहिलं आणि ती खोडापलीकडे गेली.

"मी वळसा घालणार नाही हं," काका कुजबुजला. "बस आता संध्याकाळपर्यंत."

ऑपलनं खिशातलं काडतूस पुन्हा भरलं, घोडा ओढून ठेवला आणि वाट पाहिली. धुक्यातून पाणी ठिबकत होतं. मग झाडापलीकडे पाचोळा वाजला. सावकाश. खार झर्रकन इकडच्या अंगाला आली. ऑपलनं नीट बघितलं आणि चाप ओढला. खार खाली पडली.

"वळसा कुणी घातला?" काका उठून उभा राहिला होता.

माहीत नाही, अशी ऑपलनं मान हलवली.

"त्या शेजारच्या पोराला आणून लपवलंस ना? एकटीनं म्हटलं होतं मी. ये रे बाहेर, तुझी तंगडीच मोडतो." तो तावातावानं झाडामागे गेला.

ऑपलनं नवं काडतूस भरलं. झाडामागून काकाचा आवाज आला, पण आता त्यातला ताव गेला होता.

"इथे तर... कुणी नाही."

तेव्हाच त्याच्याही पलीकडे, धुक्यात, पाऊल वाजलं. एक पाऊल. मग फरफट.

काकानं धुक्यात बार काढला. मग दुसरा, मग तिसरा, बंदूक रिकामी होईपर्यंत. डोंगर घुमून शांत झाला. दारूचा कडवट वास खाली उतरला. एक पाऊल. फरफट. आवाज जवळ आला होता.

ऑपलचा अंगठा आपोआप घोड्यावर गेला. घोडा मागे बसला. खोडाच्या कडेला आधी काकाची बोटं दिसली, सालीत रुतलेली. मग खांदा. पाठ खोडाला घट्ट चिकटवून, मान पलीकडे वळवून, काका इंचाइंचानं इकडच्या अंगाला सरकत होता. तो पुरता इकडे आला आणि त्यानं समोर पाहिलं. नळी त्याच्या छातीवर होती.

"ऑपल... खाली कर ती."

"तिकडे कोण आहे, काका?" तिनं विचारलं. स्वतःचा आवाज तिला परका वाटला.

"खार खाली उतरली होती... तो वळसा घालत होता... मला फक्त करडं काहीतरी हललेलं दिसलं. टोपी होती ती. मला वाटलं..." त्याच्या नाकातून पाणी वाहत होतं. "मी नीट बघितलं नाही गं."

"आणि कुंपण?"

"मीच त्याला तिथे ओढत नेलं. त्याची बंदूक मातीत उडवली आणि शेजारी ठेवली... तेव्हा तो अजून... बोलत होता."

झाडापलीकडचं पाऊल थांबलं होतं. कुणीतरी वाट पाहत होतं. ऑपलचं बोट चापावर होतं आणि तिला ते हलवावंसं वाटत होतं. पण तिनं नीट बघितलं. ओंगळ, घामेजलेला, नखांत शेवाळ अडकलेला माणूस होता तो. तिनं अंगठ्यानं घोडा अलगद खाली सोडला, बंदूक उघडली, लाल काडतूस खिशात टाकलं आणि बटण लावलं.

काका आपली बंदूक तिथेच टाकून चढावर पळत सुटला. थोड्या वेळानं त्याच्यामागे पाचोळा वाजू लागला. एक पाऊल, एक फरफट. घाई कसली नव्हती. ऑपलच्या ओठांवर हाक आली, पण फुटली नाही.

घरी येऊन तिनं आईला सगळं सांगितलं. इतकं ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. ऐकून झाल्यावर आईनं बंदूक खिळ्यांवर ठेवली, खार सोलली आणि रस्सा चढवला. "जेवून घेऊ," ती म्हणाली. "मग शेरीफकडे जाऊ."

पाव भाजून होत आला होता, तेव्हा वरच्या रानातून बार ऐकू आला. एकच. बारीक, कोरडा. तो आवाज या घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता.

आईचा हात भांड्यावरच थांबला. दोघींनी एकदम चौकटीवर पाहिलं. बंदूक होती तिथेच होती. ऑपलनं खिसा चाचपला. बटण लावलेलं होतं. आत काही नव्हतं.

आईनं बंदूक खाली घेऊन उघडली. नळीतून धुराची एक रेघ वर आली आणि लाल काडतूस तिच्या तळहातावर पडलं. उडालेलं. तिनं ते चटकन या हातातून त्या हातात घेतलं, गरम होतं म्हणून.

बाहेर पायरीशी चिखल खरवडायची लोखंडी पट्टी होती. तिच्यावर कुणीतरी बूट घासला, झटकन. मग बराच वेळ काहीच नाही. मग दुसरा, हळूहळू, न वाकणाऱ्या पायाचा.

"उघडू नकोस," आई म्हणाली.